लस नाकारण्याचा अर्ज : वाचकांचे प्रश्न आणि बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या तीन पत्रांनाच दिले आहे. तिन्ही पत्रे बेळगाव सीमाभागातील किंवा तेथील नात्यागोत्याची असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. मला पाच वर्षांची मुलगी आहे आणि मुलाला आता नऊ महिने पूर्ण होतील. त्याला गोवर-रुबेलाची लस द्यायची वेळ आली आहे, पण रामदुर्ग तालुक्यात लस टोचल्यानंतर मुले दगावली होती ती गोष्ट यांच्या मनातून जात नाही. यांच्या मोबाईलवर ‘लसीकरणातून सूट मिळण्याचा अर्ज’ म्हणून एक मजकूर आला आहे आणि त्यावर सही करून तो अंगणवाडीत द्यायचे यांनी ठरवले आहे. सासूबाई म्हणतात की गोवर हा देवीचा फेरा आहे, एकदा येऊन गेला की मूल कणखर होते, आणि आमच्या वेळी एवढ्या लसी होत्याच कुठे? आरोग्य केंद्रातील सिस्टर कन्नडमध्ये सांगतात, त्यातले मला अर्धेच कळते. मी काय करावे? — एक आई, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या यजमानांची भीती मनाने रचलेली नाही, हे मी आधी स्पष्टपणे लिहितो. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बालकांचा मृत्यू झाला. प्राथमिक चौकशीत लस ठेवण्यात आणि हाताळण्यात निष्काळजीपणा झाल्याचे समोर आले आणि दोन कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले. ज्या आईबापांनी ही बातमी वाचली त्यांना ‘काही होत नाही हो, द्या टोचून’ एवढेच सांगणारा माणूस त्यांचा विश्वास आणखी घालवतो, असे माझे मत आहे. पण भीती खरी असली तरी तिचा रोख कुठे असायला हवा हे पाहण्यासाठी त्या कुपीत काय असते ते समजून घ्यावे लागेल.

गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. टोचण्याआधी सिस्टर तिच्यात सोबत आलेले ठरावीक द्रावण मिसळते. या लसीत जंतूंची वाढ रोखणारे कोणतेही औषध घातलेले नसते, कारण तसे औषध घातले तर लसीतील दुबळे केलेले जिवंत विषाणूच मरतील. म्हणून एकदा द्रावण मिसळले की कुपी बर्फाच्या पॅकवर ठेवून चार तासांच्या आत वापरावी लागते आणि सत्र संपले की उरलेली लस, मग ती एका बाळापुरती असो की पाच बाळांपुरती, टाकून द्यावी लागते. ती दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवली किंवा मिसळताना अस्वच्छता झाली, तर तिच्यात जंतू वाढू शकतात आणि त्यांचे विष बाळाच्या अंगात जाते. मग काही तासांतच जोराचा ताप, उलट्या आणि जुलाब सुरू होतात आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सरकारी कार्यक्रमाच्या पुस्तिकांत हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे आणि तो कसा टाळायचा तेही लिहिलेले आहे. म्हणजे अशा घटनेत घातक ठरते ती उघडलेल्या कुपीबाबत झालेली हयगय, आणि त्या हयगयीवर डोळा ठेवणे आईच्या हातात असते.

तेव्हा तुम्ही बाळाला घेऊन जा आणि बाळाच्या बापालाही सोबत न्या. सत्र सुरू होताना पहिल्या काही जणांत पोहोचता आले तर उत्तम. सिस्टरला कुपी दाखवायला सांगा. न उघडलेल्या कुपीच्या झाकणावर जांभळट रंगाचे एक लहान वर्तुळ असते आणि त्याच्या आत एक चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लसीला उष्णता लागलेली नाही. दोन्हींचा रंग एक झाला असेल किंवा चौकोन गडद झाला असेल तर ती कुपी वापरायची नसते. कुपी आधीच उघडलेली असेल तर तिच्या लेबलावर द्रावण मिसळल्याची वेळ लिहिलेली आहे का ते पाहा आणि घड्याळाशी ताडून घ्या. वेळ लिहिलेली नसेल तर नवी कुपी उघडण्याचा आग्रह धरा. सिरिंज बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली गेली पाहिजे. या सिरिंजचा दट्ट्या एकदा खाली गेला की पुन्हा वर ओढता येत नाही. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आठदहा दिवसांनी थोडा ताप किंवा अंगावर बारीक पुरळ आले तर घाबरू नका, ते अपेक्षित आहे. परंतु टोचल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खूप ताप, उलट्या आणि जुलाब एकत्र झाले, बाळ मलूल पडले, तर घरी न थांबता दवाखाना गाठा आणि लस दिल्याचे सांगा.

हे सारे विचारताना संकोच वाटेल, सिस्टर रागावेल असे वाटेल. माझा अनुभव वेगळा आहे. एका उपकेंद्रावर एका आजीने ‘कितीला कालवलंय हे?’ असे विचारले, तेव्हा सिस्टरने कुपी उलटी करून लेबल तिच्या डोळ्यांसमोर धरले. वेळ निळ्या पेनाने लिहिलेली होती, दहा वाजून वीस मिनिटे. आजीला वाचता येत नव्हते, म्हणून तिने शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेतले आणि मगच नातीचा दंड पुढे केला. त्यानंतर रांगेतील प्रत्येक बाई तोच प्रश्न विचारू लागली आणि सिस्टरही न विचारता वेळ सांगू लागली.

आता अर्जाविषयी. असा कोणताही सरकारी नमुना नाही. केंद्र सरकारचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे, पण त्यात सहभाग ऐच्छिक आहे. सक्तीच नसल्यामुळे ‘सूट’ देण्याचीही तरतूद नाही. फिरत असलेले असे मजकूर बहुतेक वेळा परदेशातील अर्जांची भाषांतरे असतात. काही मजकुरांत सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २०२२ च्या निकालाचा दाखला दिलेला असतो. तो निकाल कोविडच्या लसीसंबंधी होता. कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही असे त्यात म्हटले आहे, त्याचबरोबर सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते असेही म्हटले आहे. गोवराची लस बाळाला देऊ नये, असे त्यात कुठेही नाही.

भाषेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सीमाभागात बाळाचे तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांची आणि लसींची नोंद असलेले कार्ड, कन्नडमध्ये असते, सूचना कन्नडमध्ये असतात, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कित्येक आया केवळ मान डोलावून घरी येतात. समजलेच नाही तर शंका कुठे मांडणार? मग आई मोबाईलवरच्या मराठी मजकुराकडे जाते, कारण तो निदान कळतो तरी. आईला वाचता येत नाही अशा भाषेतल्या कागदावर तिची सही घेणे याला मी संमती म्हणत नाही. आशाताई बहुधा गावातल्याच असतात आणि मराठी बोलतात. सिस्टर सांगत असताना त्यांना शेजारी उभे करा आणि चार गोष्टी मराठीतून पुन्हा म्हणवून घ्या : आज कोणती लस दिली, ती कोणत्या आजारासाठी आहे, नंतर काय त्रास होऊ शकतो आणि पुढची तारीख कोणती.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या दंडावर रुपयाएवढा खोलगट वण असेल तर तो त्यांनाच दाखवा. तो देवीच्या लसीचा वण आहे. ‘आमच्या वेळी’ गावात देवी काढायला माणूस यायचा, आणि त्या लसीमुळेच आज त्यांच्या नातवंडांना देवीचा रोग ठाऊक नाही. गोवर होऊन गेला की तो पुन्हा सहसा होत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मूल कणखर होते हे खरे नाही, उलटच घडते. गोवराचा विषाणू शरीराने आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, त्यामुळे पुढे बराच काळ मूल न्यूमोनियाने आणि जुलाबाने आजारी पडत राहते.

शिकत असताना पाहिलेली एक मुलगी मला अजून दिसते. जंगलाकडच्या एका वाडीतून आईने तिला पाठुंगळी आणले होते, उशाशी ठेवलेला कडुलिंबाचा पाला अजून चादरीला चिकटलेला होता. कानांमागून निघालेले पुरळ पायांपर्यंत उतरून काळपट झाले होते, म्हणजे गोवर ओसरत आला होता, आणि घरच्यांना वाटत होते की आता बरे वाटेल. पण मुलगी डोळे उघडत नव्हती. पापण्या हलकेच वर केल्यावर उजव्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा दिसला. गोवराने अंगातले जीवनसत्त्व ‘अ’ संपवले होते. मुलगी वाचली, पण त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायला माझी हरकत नाही, घरची श्रद्धा म्हणून तो जरूर ठेवावा. मात्र नऊ महिन्यांच्या लसीसोबत जीवनसत्त्व ‘अ’ चा जो डोस पाजतात तो या डोळ्यांसाठी आहे, एवढे सासूबाईंना सांगा.

आणि मुलीचे कार्डही तपासा. तिला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळाला आहे ना, हे पाहा. पाच ते सहा वर्षे या वयात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांचा दुसरा बूस्टर देतात, तो तिला आता द्यायचा आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून अमेरिकेत टेक्सास राज्यात आहेत. सुनेला वाटते की लसीमुळे मुले स्वमग्न होतात, म्हणजे त्यांना ऑटिझम होतो, म्हणून त्यांनी शाळेत प्रतिज्ञापत्र देऊन चार वर्षांच्या नातवासाठी लसीकरणातून सूट घेतली आहे. डिसेंबरमध्ये ते बेळगावला येणार आहेत. मी रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जातो आणि माझाच नातू बिनलसीचा आहे, याचे मला फार वाईट वाटते. ही सूट आली कुठून, आणि मी सुनेला काय सांगू? — एक आजोबा, टिळकवाडी

उत्तर : आपण ज्या झाडांखालून रोज फिरता तिथे एके काळी वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवली जात असे आणि ती मुंबई इलाख्यातील गावोगाव पाठवली जाई. जागेचे नाव तेवढे टिकले, कारण काम संपले. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

सूट घेण्याची कल्पनाही देवीच्या लसीच्या काळातलीच आहे. इंग्लंडमध्ये १८५३ साली तान्ह्या मुलांना देवीची लस सक्तीची झाली, दंड होऊ लागले, लोक रस्त्यावर उतरले, आणि १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकाच्या कारणावरून आक्षेप घेणाऱ्या पालकांना सूट मिळू लागली. अमेरिकेत १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्याचा सक्तीचा अधिकार मान्य केला, पण सूट द्यायची की नाही हे राज्यांवरच राहिले. टेक्सासमध्ये २००३ पासून सदसद्विवेकाच्या कारणावरून प्रतिज्ञापत्र देता येते. याउलट कॅलिफोर्नियाने डिस्नेलँडपासून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर २०१५ मध्ये कायदा करून वैयक्तिक मतावर आधारलेली सूट बंद केली आणि केवळ वैद्यकीय कारण शिल्लक ठेवले.

आपल्या सुनेने जे केले ते तिथल्या कायद्यात बसते, म्हणून तिच्याशी कायद्याचा वाद घालण्यात अर्थ नाही. तिची काळजी स्वमग्नतेची आहे, तिच्याविषयीच बोलावे लागेल. ही भीती पसरली ती १९९८ साली ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरच्या लेखामुळे. त्या लेखात अवघ्या बारा मुलांची माहिती होती. पुढे ती अप्रामाणिकपणे मांडल्याचे सिद्ध झाले, २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. त्यानंतर डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण सारखेच होते. स्वमग्नतेची लक्षणे बऱ्याचदा दीड वर्षाच्या आसपास आईच्या ध्यानात येतात, आणि लसीचे डोसही त्याच वयाच्या आगेमागे असतात. त्यामुळे आईच्या मनात दोहोंची सांगड बसते. यात तिची चूक नाही.

टेक्सासमध्ये २०२५ साली गोवराची जी साथ आली तिच्यात ७६२ रुग्णांची नोंद झाली आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले मरण पावली. ही गोष्ट सुनेला माहीत असेलच, म्हणून ती आपण फोनवर पहिल्याच वाक्यात काढू नये असे मी सुचवीन. त्याऐवजी प्रवासाचे बोला. गोवर आपल्याकडे अजून आहे. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात आलेली साथ आपल्याला आठवत असेल. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही हा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो आणि घरात एकाला झाला तर लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना होतो. विमानतळ, बस, लग्नघर यांतून हिंडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला त्यापासून वाचवण्याचा लसीखेरीज दुसरा उपाय नाही. दोन डोसांमध्ये किमान अठ्ठावीस दिवसांचे अंतर लागते, म्हणून डिसेंबरच्या प्रवासासाठी पहिला डोस ऑक्टोबरमध्येच झालेला बरा. तिथे जमले नाही तर इथे आल्यावर देता येतो. आपल्याकडे सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ही लस मोफत मिळते.

आणि एक विनंती. नातू आल्यावर आईबापांच्या नकळत त्याला लस टोचून आणण्याचा विचार मनात येईल, पण तसे करू नका. मूल त्यांचे आहे, आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या सगळ्या लसींची वाट बंद होईल.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे आणि कोल्हापुरात त्याची केमोथेरपी चालू आहे. त्याला गोवराचा दुसरा डोस मिळालेला नाही आणि आता डॉक्टर नको म्हणतात. आमच्या गल्लीत दोन घरांनी मुलांना लस देणे बंद केले आहे. मला त्यांचा राग येतो, पण बोलता येत नाही. त्याच्या धाकट्या बहिणीला लस दिली तर याला त्रास होईल का? — एक आई, निपाणी

उत्तर : ताई, लसीतून खरी सूट ज्याला लागते तो तुमचा मुलगा आहे. केमोथेरपी चालू असताना जिवंत विषाणूची कोणतीही लस देत नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेला सल्ला बरोबर आहे. अशी वैद्यकीय कारणे मोजकीच आहेत : प्रतिकारशक्ती फार खालावलेली असणे, आधीच्या डोसानंतर जीवघेणी ॲलर्जी झालेली असणे, आणि अशीच आणखी दोनचार. सर्दी, खोकला, किंचित ताप किंवा मूल अशक्त असणे हे कारण होत नाही. अशक्त मुलाला तर लस आधी द्यायला हवी.

बहिणीला गोवर-रुबेलाची लस अवश्य द्या. तिच्यापासून भावाला धोका नाही, उलट ती घरात गोवर आणणार नाही, एवढे मोठे संरक्षण त्याला मिळेल. अपवाद तोंडावाटे देण्याच्या पोलिओ डोसाचा : त्यातील विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडतात, म्हणून घरात असा रुग्ण असताना बहिणीला पोलिओचे थेंब न पाजता इंजेक्शनची लस द्यायला सांगा. पोलिओ मोहिमेत घरी येणाऱ्या ताईंनाही हे आधीच सांगून ठेवा. मुलाचे उपचार संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी, त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, राहिलेल्या लसी देता येतील.

शेजारच्या दोन घरांशी तुम्ही बोलावे असे मला वाटते, आणि वाद न घालता. त्यांनी मोबाईलवर जे वाचले असेल त्यात तुमचा मुलगा नसतो, आणि नऊ महिने पूर्ण न झालेले, म्हणून लस घेऊ न शकणारे बाळंतिणीच्या खोलीतले बाळही नसते. संध्याकाळी गल्लीत खेळणाऱ्या आपल्या मुलांनी लस घेतली नाही तर हा मुलगा बाहेर येऊ शकत नाही, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसेल. तुम्हाला बोलणे जड जात असेल तर आशाताईंना सोबत घ्या, किंवा मुलाच्या शाळेतील बाईंना सांगा.

गल्लीत किंवा वर्गात कोणाला ताप, लाल डोळे, खोकला आणि कानांमागून पुरळ निघाल्याचे कळले, तर मुलाला ताप येण्याची वाट पाहू नका. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरत असतो, म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत संपर्क झालेला असू शकतो. संपर्कापासून सहा दिवसांच्या आत त्याला तयार प्रतिद्रव्यांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन देता येते. त्यासाठी त्याच दिवशी कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन करा, आणि त्यांचा नंबर कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसताना आजीलाही तो सापडेल.